मयताची पाणीपाळी

दर आठव्या दिवशी सकाळी साडेनऊला सात नंबरचं दार आपोआप उचललं जायचं आणि मेलेल्या माणसाच्या शेतात पाणी शिरायचं.

पाटकऱ्याला ते आधीच कळायचं. खांबावरच्या पेटीत टक् असा आवाज व्हायचा, मग मोटर कण्हायची आणि लोखंडी पत्रा खाचेतून वीतभर वर सरकायचा. तीस वर्षं कालव्यावरची अकरा दारं त्याने चाक फिरवून उघडली होती, मिटली होती. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं, कुणाचं कधी तोडायचं, हे त्याच्या डोक्यात असायचं. तळहाताला चाकाच्या दांड्याचे घट्टे पडले होते. आता सगळ्या चाकांना तार गुंडाळून शिशाचे शिक्के मारले होते. पेट्या बसवल्या त्या दिवशी साहेब म्हणाले होते, "तुमचं काम आता फक्त देखरेखीचं." देखरेख म्हणजे पेटीवरच्या काचेची धूळ पुसायची, खाचेत अडकलेलं गवत ओढून काढायचं आणि चाकाला हात लावायचा नाही.

त्या दिवशीही दार उचललं. पाटकऱ्याने फावडं खांद्यावर टाकलं आणि चारीच्या कडेने पाण्याबरोबर चालत निघाला. पाणी पुढे, तो मागे. चारीच्या वाकणावर पाणी डावीकडे फुटलं आणि धाकट्या भावाच्या शेतात पसरलं. शेत सव्वा वर्ष पडीक होतं. गुडघाभर गवत, जुन्या सऱ्या पुसट झालेल्या. पाणी त्यांतून दिशा नसल्यासारखं भटकायला लागलं. पाटकऱ्याला ते बघवेना. तो आत उतरला, फावड्याने सरीचं तोंड उघडलं, दुसरीचं बांधलं. पेरणी नाही, पीक नाही, तरी तीन तास त्याने सऱ्यांची दारं धरली. धाकटा जसा धरायचा तशी, वरच्या कोपऱ्यापासून खाली. कमरेत कळ आली तेव्हा फावड्यावर रेलून उभा राहिला. पाण्याचा आवाज येत होता आणि त्यात कुणीतरी हलकी शीळ घालावी तसा दुसरा एक आवाज. रस्त्याखालच्या मोरीतून तो यायचा. वारा असला की यायचा. गेलं वर्षभर तो वारा नसतानाही येतो असं पाटकऱ्याला वाटत होतं.

"मजा आहे तुझ्या भावाची," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "मेला, पण पाळी चुकवत नाही."

टोकवाला होता. चारीच्या अगदी टोकाला, रस्त्यापलीकडे त्याचा भाजीचा मळा. त्याची पाळी सगळ्यांत शेवटची, जे उरेल ते त्याला मिळायचं, आणि या वर्षी कालव्यात पाणीच निम्मं असल्यामुळे काही उरत नव्हतं.

"माझी वांगी बघायला ये एकदा," टोकवाला म्हणाला. "पानं चुरगाळली की पापडासारखा आवाज येतो. आणि इथे गवताला पाणी पाजतोयस तू, तेही उभं राहून, प्रेमाने."

"मी सोडत नाही पाणी. पेटी सोडते."

"मग पेटीला सांग की तो गेला."

"तिला किती वेळा सांगितलं! ऐकत नाही."

"मोरीकडे वळव ना मग. फावडं हातात आहे तुझ्या."

"मागे वळवलं होतं. काय झालं ते तुलाच माहीत."

मोरीच्या तोंडाशी पाणी मोजणारी एक नळी बसवली होती. पाटकऱ्याने अर्धा तास पाणी तिकडे वळवलं तेव्हा टोकवाल्याच्या खात्यावर 'अनधिकृत उपसा' असा शेरा आला आणि त्याची हक्काची पुढची पाळी रद्द झाली. खातेदाराच्या संमतीशिवाय पाळी दुसऱ्याला देता येत नाही, असं पाणी कचेरीतून कळवलं होतं. खातेदार सव्वा वर्षापूर्वी गेलेला.

"संमती आणायला आता वर जाऊ का मी?" टोकवाला आभाळाकडे बघून म्हणाला. हसला नाही. मळ्याकडे निघून गेला.

*

धाकट्याची बायको घरामागे रोपं तयार करायची. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये माती आणि शेणखत भरायचं, बोटाने खळगा करायचा, एकेक बी टाकायचं. दिवसाला चाळीस ट्रे. नखांत माती कायमची बसली होती. नवरा गेल्यापासून तिने शेतात पाऊल टाकलं नव्हतं. पाटकरी एक वाजता तिच्या अंगणात आला तेव्हा ती खाली बसून माती चाळत होती आणि शेजारी दगडावर नवऱ्याचा फोन ठेवलेला होता.

"फोन आला होता?" पाटकऱ्याने विचारलं.

"साडेनऊला." तिने चाळणी आपटली. "दर वेळी येतो. आधी त्याचं नाव घेतो, मग म्हणतो, तुमची पाणीपाळी सुरू झाली आहे, शेतात हजर राहा."

"बंद करून टाक ना तो फोन."

"तो बंद केला की पडताळणीचा नंबर जाईल म्हणतात. मग काहीच करता येणार नाही."

मृत्यूचा दाखला तिने दोनदा दिला होता. पहिल्यांदा कागदावर, दुसऱ्यांदा फोनवरून फोटो काढून. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं होतं : खात्यातील बदलासाठी खातेदाराने स्वतः हजर राहून चेहरा दाखवावा. तिसऱ्यांदा ती कचेरीत गेली. काचेपलीकडची मुलगी चांगली होती, तिने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाली, "मावशी, मला कळतंय हो. पण हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. बघा, तुम्हीच बघा." आणि तिने पडदा वळवून दाखवला. रकान्यात एक गोल होता, चेहऱ्यासाठी. त्या रिकाम्या गोलाकडे बघत ती किती वेळ बसली होती ते तिलाच आठवत नव्हतं.

"कधी कधी मला वाटतं," ती ट्रे भरता भरता म्हणाली, "त्यांना ठाऊक आहे ते आपल्याला नाही. तो कुठेतरी आहे आणि हे लोक त्याला निरोप धाडतायत."

पाटकरी चपलेची माती दगडावर घासत राहिला.

"तुम्ही शेतात जाता ना, दादा? दर पाळीला?"

"जातो."

"काय करता?"

"पाणी फुकट जाऊ नये म्हणून जरा..."

"फुकटच जातंय की," ती म्हणाली.

*

त्याच आठवड्यात गावात एक बाई आल्या. पाठीवर पिशवी, हातात छापील कागदांचा गठ्ठा. पाणी, धान्य, दवाखाना, शाळा, सगळ्यांसाठी नवे नियम लिहिणं चाललं होतं, यंत्रांच्या काळाला साजेसे. त्या नियमांत कोणते शब्द वापरायचे आणि लोकांना त्यांतून काय कळतं हे तपासत त्या घरोघर फिरत होत्या. दोन दिवसांत गावाने त्यांना शब्दवाली म्हणायला सुरुवात केली. त्यांनाही ते कळलं आणि त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही.

पाटकऱ्याच्या ओट्यावर त्या मांडी घालून बसल्या. पाटकऱ्याच्या बायकोने चहा आणला.

"काका, मी एक शब्द वाचते. तुमच्या मनात पहिलं काय येतं ते सांगायचं. चूक-बरोबर काही नाही. लाभार्थी."

"रांगेतला माणूस."

"संमती."

"ठरवून झाल्यावर विचारतात ती."

शब्दवालीने लिहून घेतलं. "तक्रार निवारण."

"गाणं वाजतं," पाटकरी म्हणाला आणि लगेच बशीकडे बघायला लागला.

"गाणं?"

"फोनवर. कुणी उचलेपर्यंत."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा आवाज बदलला होता हे फक्त तिलाच कळलं.

"बरं. मानवी हस्तक्षेप."

"म्हणजे काय?"

"यंत्राने चुकीचं काही केलं तर माणसाने मध्ये पडून ते थांबवायचं. आमच्या मसुद्यात त्याचा अर्थ असा दिलाय : 'योग्य परवानगीनंतर अधिकृत कर्मचाऱ्याने केलेली कृती.' पटतो तुम्हाला?"

अंगणात कोंबडी पाय ताणून मातीत उकरत होती. पाटकरी तिच्याकडे बघत म्हणाला, "हात घालायला हात मोकळा लागतो, बाई." आणि उठून आत गेला.

तेव्हा त्याच्या बायकोने धाकट्याच्या पाळीची गोष्ट शब्दवालीला सांगितली. रिकामा गोल, दर आठव्या दिवशीचा निरोप, टोकवाल्याची वांगी, सगळं. शब्दवालीने पेन खाली ठेवलं. फिरता फिरता असं काही सापडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"यावर वाट आहे," त्या म्हणाल्या. "अपवाद म्हणून अर्ज करता येतो. मी स्वतः करून देते. पण त्या दाराच्या सगळ्या नोंदी उघडाव्या लागतील. माणूस गेला त्या दिवशी दार कधी उघडलं, कधी मिटलं, कुणी काय केलं, यंत्राने सगळं टिपून ठेवलेलं असतं. आणि तिथे जे हजर होते त्यांचा जबाब लागेल, वारसासमोर."

"हे होते तिथे," बायको म्हणाली.

आतल्या खोलीत पाटकरी भिंतीला टेकून उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

*

गावाला माहीत होतं ते एवढंच. मोरी गाळाने आणि गवताने तुंबली होती, पाणी फुगून धाकट्याच्या शेतात शिरत होतं. मोरी साफ करायचं यंत्र येणार येणार म्हणून महिना गेला. शेवटी शेताचं तोंड मातीने बांधून धाकटा स्वतः आत उतरला. त्या दिवशी कुणाची पाळी नव्हती. पण वर धरणात कुठेतरी पाणी वाढलं आणि पेटीने धाकट्याचीच पाळी चार दिवस अलीकडे ओढली. दार उघडलं. पाटकऱ्याने शिक्का तोडून दार मिटलं, पण तोवर धाकटा मोरीत बुडाला होता. लोकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. म्हणाले होते, तू होतास म्हणून निदान दार तरी मिटलं.

शब्दवाली येऊन गेल्यावर तीन दिवस पाटकरी नीट जेवला नाही. दारांवर जायचा, काचा पुसायचा, पुसलेल्या परत पुसायचा. सात नंबरला आला की पेटीतल्या बारीक हिरव्या दिव्याकडे बघत उभा राहायचा. हिच्या आत त्या दिवसाचं सगळं आहे. सव्वा वर्ष कुणी विचारलं नाही म्हणून गप्प बसलेली. एकदा त्याने खिशातून रुमाल काढला आणि दिव्यावर टाकला. मग स्वतःचीच लाज वाटून तो काढून घेतला.

"तुम्हाला काय झालंय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"बायको म्हणून नाही तर नाही, माणूस म्हणून तरी सांगा. तुम्ही त्याच्या शेतात जाऊन पाणी धरता, लोक हसतात. सांगायचं नसेल तर नका सांगू. पण तुमच्या भावजयीच्या घरी तो फोन दर आठ दिवसांनी वाजतो. किती दिवस वाजू द्यायचा?"

पाटकऱ्याने हात धुतले, पुसले आणि म्हणाला, "त्या बाईंना बोलाव. तिच्या घरी बसू."

*

धाकट्याच्या बायकोने हातातलं काम थांबवलं नाही. समोर चाळीस ट्रेची थप्पी होती. ती माती दाबत होती, खळगे पाडत होती. शब्दवाली पाटावर बसल्या, मांडीवर लॅपटॉप. पाटकरी उभाच राहिला. त्याची बायको दाराशी.

"नोंद वाचते," शब्दवाली म्हणाल्या. "दहा वाजून चार मिनिटं, दार सात, उघडलं. स्वयंचलित. त्याच मिनिटाला खातेदाराच्या फोनवर निरोप."

"शर्टात होता फोन," धाकट्याची बायको म्हणाली. "बांधावर खुंटीला शर्ट अडकवला होता त्याने. भिजू नये म्हणून."

"दहा वाजून पाच. देखरेख कर्मचाऱ्याचा फोन. दार मिटण्यासाठी परवानगीची विनंती." शब्दवालीने मान वर केली, पाटकऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. आवाज हळू झाला. "दहा सात. प्रतीक्षेत. दहा नऊ. प्रतीक्षेत. दहा अकरा. प्रतीक्षेत. दहा बारा. फोन बंद. दहा तेरा. शिक्का तुटला. दहा सोळा. दार मिटलं. हाताने."

धाकट्याच्या बायकोची बोटं मातीत होती, ती तिथेच राहिली.

"पाण्याला दारापासून मोरीपर्यंत पोचायला नऊ मिनिटं लागतात," पाटकरी म्हणाला. तो तिच्याशी बोलत होता, पण बघत होता ट्रेकडे. "हे मला झोपेतही माहीत आहे. दार उघडल्याबरोबर मी चाकावर हात ठेवला. आणि शिक्का दिसला. त्याच्या आदल्याच महिन्यात खालच्या कालव्यावरच्या पाटकऱ्याला शिक्का तोडला म्हणून काढलं होतं. मी म्हटलं, विचारून घेऊ. आत्ता उचलतील. मी हाका मारल्या त्याला, टॉवेल हलवला. मोरीतल्या माणसाला काय दिसणार? दोनशे पावलांवर होता तो. पळत गेलो असतो तरी... नाही गेलो. वाटलं, फोन हातात आहे, आत्ता उचलतील."

"फोनवर कोण बोलत होतं?" धाकट्याच्या बायकोने विचारलं.

"कोणी नाही. गाणं वाजत होतं."

"सात मिनिटं," ती म्हणाली.

"हो."

"सात मिनिटं तुम्ही गाणं ऐकलंत, दादा."

पाटकऱ्याने खाली बसायचा प्रयत्न केला. गुडघा वळेना, तसा तो भिंतीला धरून अर्धवट वाकून राहिला. त्याची बायको पुढे आली आणि थबकली. तिला स्वतःलाही हे आत्ताच कळत होतं.

धाकट्याची बायको उठली, नळावर गेली. हात धुतले. नखांतली माती निघत नव्हती, तरी घासत राहिली. परत आली ती शब्दवालीसमोर बसली.

"तुमच्या कागदात तो शब्द आहे ना, माणसाने मध्ये पडायचा? काल माझ्या मोठ्या जावेने सांगितला मला. वाचा."

शब्दवालीने वाचलं. "योग्य परवानगीनंतर अधिकृत कर्मचाऱ्याने केलेली कृती."

"ते पहिलं खोडा. योग्य परवानगीनंतर."

"मी फक्त सुचवू शकते. वर गेल्यावर काय होईल ते..."

"खोडा तर आधी. वरच्यांना परत लिहायचं असेल तर त्यांच्या हाताने लिहू दे. आणि खाली लिहा की माणूस आत होता आणि वरच्याला विचारावं लागलं. असंच लिहा. सुधारू नका."

शब्दवालीने छापील कागद काढला, पेनने त्या दोन शब्दांवर रेघ मारली आणि समासात तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. त्यांचा हात सावकाश चालत होता.

"आणि यांचं काय लिहू?" त्यांनी पाटकऱ्याकडे न बघता विचारलं. "जबाबात कारण लिहावं लागतं. नोकरीच्या भीतीने, असं लिहिलं तर यांना त्रास होईल."

"काय झालं ते लिहा," पाटकरीच म्हणाला.

धाकट्याच्या बायकोने ट्रे पुढे ओढला. "दादा, आता तुम्ही जा," ती म्हणाली. ओरडून नाही. पण बोलली ते अशा आवाजात की पाटकरी तिथून घरापर्यंत कसा गेला ते त्याला नंतर सांगता आलं नसतं.

*

तीन आठवडे ती त्याच्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसली तर बाजूने निघून जायची. पाटकऱ्याची बायकोही बोलताना जपून बोलायची. जेवायला वाढायची, पण त्याच्या ताटासमोर बसायची नाही. एकदाच ती म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत." तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू माझ्याकडे असं बघितलं असतंस." ती म्हणाली, "बघितलं असतं. मग काय झालं असतं?"

कचेरीतून त्याला एक पत्र आलं. चौकशी होईपर्यंत देखरेखीचं काम चालू ठेवावं, असं त्यात होतं. शिक्षा की माफी ते कळत नव्हतं. गावात गोष्ट पसरली होती. ज्यांनी खांद्यावर हात ठेवला होता त्यांतले काही आता लांबूनच रामराम करायचे. टोकवाला मात्र एकदा बांधावर येऊन शेजारी बसला. मग म्हणाला, "मीही फोनच लावला असता." त्याने पाटकऱ्याला बरं वाटलं नाही, पण तो उठूनही गेला नाही.

धाकट्याच्या पाळीचा दिवस आला. पाटकरी साडेनऊला सात नंबरवर उभा होता. पेटीत टक् झालं नाही. मोटर कण्हली नाही. पत्रा खाचेत जिथल्या तिथे. तो दहापर्यंत उभा राहिला, साडेदहापर्यंत. चारी कोरडी होती, तळाशी चिखलाच्या पापड्या उलून वर आल्या होत्या. सव्वा वर्षात पहिल्यांदा त्याच्या भावाला कुणी बोलावलं नव्हतं. मग तो चारीतच उतरून बसला आणि तोंडावर टॉवेल धरून रडला. भाऊ गेला त्या दिवशी रडायला वेळ मिळाला नव्हता.

शब्दवालीचा अर्ज मंजूर झाला आणि खातं धाकट्याच्या बायकोच्या नावावर झालं. पुढच्या पाळीला तिच्या स्वतःच्या फोनवर निरोप आला. खाली प्रश्न होता : पाळी स्वतः घेणार, की दुसऱ्याला देण्यास संमती आहे? तिने तीन तासांतले दोन टोकवाल्याला दिले. दार उघडलं. पाटकरी लांब उभा राहून बघत होता. पाणी शेताजवळून गेलं, रस्त्यापाशी पोचलं आणि तिथेच फुगायला लागलं. मोरीपलीकडे हाताच्या करंगळीएवढी धार. धाकटा गेला त्यानंतर ती साफ करायला आत कुणी उतरलं नव्हतं. यंत्र अजून येणारच होतं. टोकवाला पलीकडच्या तोंडाशी उकिडवा बसून त्या धारेखाली ओंजळ धरत होता.

"वांग्यांना चमच्याने पाजतो," तो तिथून ओरडला.

धाकट्याची बायको शेताच्या बांधावर आली होती. लुगड्याचा ओचा खोचलेला, हातात नवऱ्याचं खोरं. तुंबलेल्या पाण्याकडे तिने पाहिलं, मग मोरीच्या काळ्या तोंडाकडे, मग पाटकऱ्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"उद्या मोरी काढायची," ती म्हणाली.

"यंत्राचा अर्ज..."

"अर्ज नको. उद्या कुणाची पाळी नाही. तुम्ही आत उतरा. वर चाकापाशी मी उभी राहते."

पाटकरी तिच्याकडे बघत राहिला. तिच्या चेहऱ्यावर राग होता का, ते त्याला ओळखता येईना. काहीतरी होतं, पण त्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

"बरं," तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो मोरीपाशी आला. शर्ट काढला. छातीवरचे केस पांढरे झाले होते, बरगड्या दिसत होत्या. कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक टोकवाल्याने धरलं. पाटकऱ्याची बायको बांधावर उभी होती. तिने नको म्हटलं नव्हतं. फक्त सकाळी त्याला पोटभर जेवायला घातलं होतं आणि या वेळी समोर बसली होती.

दोनशे पावलांवर, दारावर, धाकट्याची बायको चढली. तिथून ती बोटाएवढी दिसत होती. तिच्या हातात पक्कड होती. तिने चाकाच्या तारेत पक्कड घातली आणि पिळली. शिशाचा शिक्का तुटून खाली पडला.

"अगं, आत्ताच?" पाटकरी ओरडला. "दार तर उघडलेलं नाही!"

"उघडल्यावर कुणाला विचारू?" ती तिकडून ओरडली.

तिने दोन्ही हात चाकावर ठेवले. पाय फाकवून, वजन पुढे टाकून, जशी दार मिटताना माणसं उभी राहतात तशी. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. मग तिने तोंड मोरीकडे केलं आणि वाट बघत राहिली.

पाटकरी वाकला. आतून गार, कुजका वास आला आणि ती शीळ, अगदी कानाशी. तळाला हातभर गाळ. त्याने एक हात आत टाकला आणि गवताचा पहिला पेंढा ओढून बाहेर फेकला, मग दुसरा. पुढचा हाताला लागत नव्हता. मागे वळून पाहायचं त्याच्या मनात आलं, वर ती अजून उभी आहे का. त्याने पाहिलं नाही. गुडघे टेकले, मान खाली घातली आणि सरपटत आत शिरला.